सोमवारचा नंबर

उचगावच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या लागल्या की थंडी आली हे मला कॅलेंडर न बघता कळतं. पुढं ट्रॅक्टर, त्याला जोडलेल्या दोन ट्रॉल्या, ट्रॅक्टरवर दणदण वाजणारी गाणी, मागं अडकलेली एसटी आणि एसटीच्या मागं स्कूटरवर मी. शाळेत पोरं प्रार्थनेला उभारलेली असतात आणि त्यांच्या मराठीच्या बाई इकडं उडून आलेलं पाचट पदरावरून झटकत असतात. या दिवसांत कोल्हापूरच्या माणसाला गुऱ्हाळावरच्या काकवीचा वास येतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. मला मात्र ओल्या लाल मातीवरून रोलर फिरल्याचा वास येतो. तो बाहेर कुठं नसतो, पण येतो.

गेल्या सोमवारी अशीच अडकले होते. रस्त्याकडेच्या जाळीपलीकडं दोघेजण टेनिसचं कोर्ट नव्यानं बसवत होते. मातीचं कोर्ट पावसाळाभर बंद असतं आणि दिवाळीच्या आसपास ते पुन्हा करावं लागतं. वरचा शेवाळलेला थर खरवडायचा, चाळलेली माती पसरायची, पाणी मारायचं, रोलर ओढायचा, मग चुन्याच्या रेघा. जाळीला टेकून एक पोरगी रॅकेट काखेत धरून कोर्ट वाळायची वाट बघत होती. मी तिच्याकडं बघत राहिले आणि पुढची एसटी कधी हलली ते मला कळलंच नाही. मागच्या टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. "ओ बाई, झोपलाय व्हय?" म्हणाला. मी गाडी पुढं घेतली.

सोमवार होता म्हणूनही असेल. बायकांच्या टेनिसची जागतिक क्रमवारी दर सोमवारी लागते. आता हे वाचून कुणाला हसू येईल तर येऊ दे. गुळाच्या अडत्याचं घर, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, स्वयंपाकघरात निम्मं बोलणं कानडी. आणि या घरातली माणसं सोमवारची वाट बघतात ती कशासाठी, तर जगातल्या कुठल्या बाईचा कितवा नंबर लागला हे बघायला. पण आम्ही बघत होतो. नव्वदीची अखेर आणि त्यापुढची दोन-तीन वर्षं आमच्या घरात सोमवार दोनच गोष्टींसाठी असायचा, अव्वाचा महादेवाचा उपास आणि अक्काचा नंबर.

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण गिरिजा. अव्वा म्हणजे आई. आमचे मूळचे लोक निपाणीकडचे, त्यामुळं नाती कानडीत आणि भांडणं मराठीत. अप्पा तरुणपणी तालमीत होते. मोठे पैलवान नव्हते. कुस्तीच्या मैदानात एक नंबरची कुस्ती, दोन नंबरची कुस्ती अशी उतरंड लावलेली असते. एक नंबरची सगळ्यात शेवटी, सगळ्यात नावाजलेल्या मल्लांची. अप्पांची कुस्ती दुपारच्या उन्हातच उरकलेली असायची. लोक अजून जागा धरत असायचे तेव्हा हे लाल होऊन बाहेर आलेले. पुढं लग्न झालं, मार्केट यार्डातली गादी आली, पोट सुटलं, पण कान तेवढे पैलवानाचे राहिले, चेपलेले. बाजारात कुणी त्या कानांकडं बघितलं की अप्पांची छाती दोन बोटं पुढं यायची.

टेनिस त्यांना कळलं ते मातीमुळं. कुणा गिऱ्हाइकाच्या घरी गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, पोचवायला गेले होते, बरोबर आठ-नऊ वर्षांची अक्का. त्या घराला लागून क्लबाची कोर्टं. अक्का जाळीला नाक लावून उभारली ती हलेना. अप्पांनी बघितलं, पलीकडं तांबडी माती आणि त्या मातीत घामाघूम झालेली माणसं. घरी येऊन अव्वाला म्हणाले, "मातीतला खेळ हाय. मग वाईट कसा असंल?" झालं, तेवढ्यावर अक्काचं टेनिस सुरू झालं. तेच कोर्ट सिमेंटचं असतं तर ती आज कोण झाली असती हे मला सांगता येत नाही.

क्लबावर तिला शिकवणारे एक सर होते. त्यांचं नाव कुणी घ्यायचंच नाही, नुसतं सर. सर म्हणाले, पोरीचा हात चांगला आहे, रोज खेळायला मिळालं पाहिजे. अप्पांनी ते मनावर घेतलं. घरामागं जमिनीचा तुकडा होता, तिथं स्वतःच कोर्ट करायला घेतलं आणि कुणाला विचारलं नाही. विचारायचं काय त्यात, माती त्यांना कळत होती. तालमीला माती देणाऱ्याकडून माती आणली, चाळली, आणि आखाड्यात घालतात ते सगळं तिच्यात घातलं. ताक घातलं, तेल घातलं, हळद घातली, लिंबं पिळली. चार दिवस खोऱ्यानं वर-खाली केली. आमच्या घरामागं हळदी-ताकाचा असा काही वास सुटला की गल्लीतली कुत्री तिथून हलेनात. मग सरांना मोठ्या मानानं बोलावलं. सरांनी खिशातून चेंडू काढला आणि सोडला. चेंडू पडला आणि तिथंच बसला.

सरांनी वाकून चेंडू उचलला. मग म्हणाले, "मालक, पडणाऱ्याला लागू नये म्हणून तुम्ही माती केलीया. आमच्यात पडलेलं उठाय पायजे."

अप्पा आधी ओशाळले, मग इतके हसले की पोट धरून खाली बसले. ती सगळी माती त्यांनी तालमीला देऊन टाकली आणि मुरूम टाकून, पाणी मारून, नव्यानं कोर्ट केलं. तेव्हापासून दर वर्षी दसऱ्यानंतर आमच्याकडं हा हंगाम असायचा. बाकीच्यांच्या घरी दिवाळीची रंगरंगोटी, आमच्याकडं कोर्ट. रोलर अप्पा स्वतः ओढायचे, हमालांना हात लावू द्यायचे नाहीत. कंबरेला दोरी बांधून, वाकून, एका रेषेत. मी आणि अक्का कडेला बसून शेंगा खायचो आणि अप्पांचा श्वास ऐकायचो. सकाळचं धुकं असायचं. कारखान्याचा भोंगा ऐकू यायचा. सुखाचं वर्णन कर म्हटलं तर मला अजून एवढंच करता येतं.

मंगळवारच्या पेपरात खेळाच्या पानावर एक छोटी चौकट यायची, जगातल्या पहिल्या दहा बायकांची. अप्पा चष्मा लावून ती वाचायचे, वरपासून खालपर्यंत, परदेशी नावं आपल्या पद्धतीनं मोडून. एका वर्षी सोळा-सतराची पोर एक नंबरला होती. अप्पांना ते फार लागलं. "आपल्या गिरिजाच्या वयाची पोर," ते म्हणाले, आणि पेपराची घडी घालताना नेहमीचं वाक्य, "आपली अजून न्हाय आली यात." एसटीला थोडा उशीर झाला तर माणूस जसं बोलतो, तसं. कधीतरी येणार, यात शंका नाही.

'नंबर' हा आमच्याकडं इंग्रजी शब्द राहिलेलाच नाही. प्रत्येकानं तो आपापल्या कामापुरता मराठी करून घेतलाय. अप्पांचा नंबर कुस्तीतला. एक नंबर आणि दोन नंबर ही दोन माणसं समोरासमोर आलीच पाहिजेत, नाहीतर नंबर कशाला, असं त्यांचं म्हणणं. अव्वाचा नंबर रॉकेलच्या रांगेतला. अक्काचं नाव यादीत आलं तेव्हा अव्वानं विचारलं, "म्हंजे आठशे बायका हिच्या म्होरं हाईत?" मी म्हटलं, हो. "मग काय. उभारलं रांगेत की आपला नंबर लागतोच," ती म्हणाली. या रांगेत नुसतं उभारलेल्या माणसाला मागं ढकलतात, हे तिला कुणी कसं सांगायचं?

नाव आलं ते असं. अक्का देशभर हिंडून सगळ्यात खालच्या पायरीवरच्या स्पर्धा खेळत होती. रेल्वेनं जायची, कुणाच्या तरी ओळखीनं राहायची, बरोबर अव्वानं दिलेली शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी. खेळताना गळ्यातलं लिंग शर्टाच्या आत घट्ट बांधून घ्यायची. हरायची बऱ्याचदा. पण इथं एक सामना, तिथं एक सामना असं करत पॉइंट साठले. मग एका सोमवारी आम्ही दोघी राजारामपुरीतल्या सायबर कॅफेत बसलो. त्या वेळी पान उघडायला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात माणूस देवाचं नाव घेऊन मोकळं व्हायचं. यादी खाली खाली जात राहिली, शंभर, दोनशे, पाचशे. आठशेच्या घरात अक्काचं नाव होतं, आडनाव आधी, मग गिरिजा, मग देश. अक्कानं पडद्याला बोट लावलं. मी म्हटलं, "हात काढ, डाग पडंल." ती हसली नाही आणि बोटही काढलं नाही.

यार्डात अप्पांनी त्या दिवशी पेढे वाटले. शेजारच्या गाळ्यातल्या तात्यांना खोडी काढल्याशिवाय अन्न पचायचं नाही. ते म्हणाले, "आठशे? खालनं का वरनं?"

"जगातनं, तात्या," अप्पा म्हणाले. "जगातनं आठशे. तुमचा ह्या यार्डात कितवा हाय, सांगा की."

तात्यांनी दोन पेढे जास्त घेतले.

त्याच आठवड्यात सर घरी आले आणि त्यांनी अप्पांना तो नियम सांगितला. हे पॉइंट वर्षभरच राहतात. पुढच्या वर्षी तोच आठवडा आला की जातात. ठेवायचे असतील तर पुन्हा तेवढंच जिंकायचं. अप्पांना पटेना.

"जात्यात म्हंजे? कोण काढतंय?"

"कोण न्हाई, मालक. आपोआप जातात."

"आमच्यात एकदा गदा खांद्यावर आली की ती मरूस्तवर त्येची. मेल्यावरबी नावाम्होरं लागती. ही कसली रीत तुमची, जिंकलेलं परत मागायची?"

सर व्यवहारानं बोलले. "मागच्या सालचा गूळ आज पयल्या भावानं जातोय का?"

अप्पा विचारात पडले. गुळाचा मुद्दा काढला की त्यांना खोटं बोलता यायचं नाही. अव्वानं चहा आणून ठेवला. बशीत ओतून, अर्धा पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "जुना गूळ औषदाला लागतो, सर."

या नियमाचा मी पुढं फार विचार केला. आपण हरलेलो नसतो. पडलेलो नसतो. नुसता एक आठवडा सरतो आणि आपण खाली येतो. घरात बसून, जेवताना, झोपेत खाली येतो. दर सोमवारी जगात कुठंतरी कितीतरी पोरी अशा खाली सरकत असणार. अक्काच्या वरच्या आणि खालच्या ओळीतली नावं मला पाठ होऊन गेली होती. कुणी रशियातली, कुणी नकाशात शोधावा लागेल अशा देशातली. एक नाव बरेच महिने अक्काच्या खालीच होतं, चिकटून. मला वाटायचं, त्या पोरीलाही कुणीतरी अव्वा असेल, सोमवारी तीही कुणाला तरी विचारत असेल. मग एका आठवड्यात ते नाव नव्हतं. वर गेलं म्हणून मी वर शोधलं, शेवटापर्यंत खाली शोधलं. कुठंच नव्हतं. पेपरात चौकट पहिल्या दहांची येते. यादीतून निघून गेलेल्यांची चौकट कुणी छापत नाही, आणि छापली तर वाचायचं कुणी.

आणि मग ती थंडी. ती आता लिहायलाच हवी, नाहीतर हे सगळं लिहून उपयोग नाही.

संक्रांत झाली होती. अक्का दिल्लीला गेली होती. मी कॉलेजातून परस्पर अप्पांचा डबा घेऊन यार्डात गेले, तेवढ्यात गादीवरचा फोन वाजला. एसटीडी बूथवरून अक्का. अप्पा फोनवर नेहमी ओरडून बोलायचे, दिल्ली लांब आहे म्हणून. तिचं बोलणंही मला बाहेर ऐकू येत होतं.

"जिंकलो की, अप्पा. दुसरी मॅचबी जिंकलो." आमच्याकडच्या पोरी अशाच बोलतात, जिंकलो, आलो, जातो.

"कितीनं?"

"तीन सेट. पयला गेलता."

"पयला जाऊन जिंकलीस म्हंजे दम हाय. माती हाय का तितं?"

"न्हाय, सिमीट."

"मग जपून. पडू नको. आता नंबर किती?"

"ह्या सोमवारी न्हाय कळायचा. म्होरच्या सोमवारी."

"मग बघू की म्होरच्या सोमवारी," अप्पा म्हणाले आणि फोन ठेवून त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू दिल्लीत तेच खेळले होते. डब्यातली पोळी त्यांनी तात्यांना अर्धी दिली. न मागता.

पुढचा सामना अक्का हरली. ती परतीच्या रेल्वेत होती तेव्हा अप्पा गेले. सौदे चालू होते. गुळाचे रवे मांडलेले, भोवती व्यापारी, बोली चाललेली, आणि अप्पा बसल्या जागीच मागच्या पोत्यांवर टेकले. लोकांना वाटलं, पाठ टेकवली. दवाखान्यात नेलं तेव्हा काही उरलं नव्हतं. अक्का कुठल्या डब्यात आहे, कुठल्या स्टेशनात आहे, कुणाला माहीत नव्हतं. मोबाइल आमच्या घरात अजून आला नव्हता. आमच्यात माणसाला आडवं नेत नाहीत, बसवून नेतात. विभूती लावून, फुलं घालून खुर्चीत बसवलेले अप्पा कोर्टाच्या कडेला बसायचे तसेच बसले होते. थांबता येईल तेवढं काका थांबले, म्हणजे अप्पांचे धाकटे भाऊ. मग विधी करणारे जंगम म्हणाले, आता उचला.

दुसऱ्या दिवशी कोल्हापूर स्टेशनात काका आणि मी गेलो. अक्का रॅकेटची पिशवी खांद्याला लावून उतरली, आमच्या मागं बघत. तिला न्यायला नेहमी अप्पा यायचे. ती म्हणाली, "अप्पा कुठं हाईत?" काकांनी तिच्या खांद्यावरची पिशवी घेतली. पिशवी त्यांनी कधी घेतली नव्हती. त्यावरनंच तिला कळलं असावं, कारण तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही.

मग तो पुढचा सोमवार आला. घरात पाहुणे होते, भेटायला येणाऱ्यांची रीघ होती. अक्का उठली, मला खुणेनं बोलावलं आणि आम्ही सायबर कॅफेत गेलो. लोक काय म्हणाले असतील ते म्हणाले असतील. नंबर सातशेच्या आत होता. एवढ्या वर तिचं नाव कधी आलं नव्हतं, पुन्हा कधी आलंही नाही. घरी आल्यावर अव्वा भिंतीला टेकून बसलेली होती, तिला अक्कानं सांगितलं. अव्वा म्हणाली, "त्यांला कळाय पायजे हुतं." तेवढंच. ती रडली नाही. अप्पा गेल्यापासून ती रडलीच नव्हती, आणि आलेल्या बायका आपसांत त्याबद्दल बोलत होत्या.

"ह्यो नंबर अप्पांचा हाय," अक्का म्हणाली. "फोनवर मी त्यांना सांगितलंय. वरीसभर ह्यो माझ्याजवळ ऱ्हातोय. त्याच्या आत मला परत जिंकाय पायजे, म्हंजे जायाचा न्हाय."

सर तिथं असते तर म्हणाले असते, पॉइंट तेच राहत नाहीत, जुने जातात आणि नवे येतात. पण मी काही बोलले नाही. माणूस काहीतरी धरून उभं राहतं, त्याच्या हातातलं काढून बघू नये की ते काय आहे.

त्या वर्षी ती जशी खेळली तशी आधी कधी खेळली नव्हती, आणि म्हणूनच बिघडलं. पावसाळ्याआधीच खांदा दुखायला लागला. कुणी म्हणालं विश्रांती घे. विश्रांतीत आठवडे जातात, आणि आठवडे गेले की पॉइंट जातात. ती खांद्याला पट्टा बांधून खेळली. हरली. पुन्हा गेली, पुन्हा हरली. मागच्या वर्षीचे किरकोळ पॉइंट एकेक करून गळत गेले. सातशे, आठशे, मग नऊशेच्याही खाली. दर सोमवारी संध्याकाळी उपास सोडायच्या आधी अव्वा विचारायची, "आज किती?" आणि आम्ही सांगायचो तो आकडा ऐकून मान हलवायची. रांग मागं का चाललीय हे तिनं कधी विचारलं नाही. नाव आहे ना, एवढंच तिला हवं असायचं. आहे म्हटलं की ती पहिला घास तोंडात घालायची.

दसरा झाला आणि कोर्ट करायला कुणी नव्हतं. काकांनी दोन माणसं लावून करून दिलं, बरं केलं. पण रेघा वाकड्या आल्या. अक्का त्यावर सर्व्हिसचा सराव करायची, दहा-बारा झाल्या की थांबायची, डाव्या हातानं उजवा खांदा धरून उभी राहायची. मी बघत नाही असं तिला वाटायचं. आता त्या जागेवर ऊस आहे. चांगला येतो. अक्का अप्पांच्या गादीवर बसते, सौद्यात चार पुरुषांच्या वर तिचा आवाज असतो, आणि तिला भेटलेल्या कुणालाही वाटत नाही की या बाईचं काही हरवलंय.

त्या वर्षी थंडी पुन्हा आली, आणि दिल्लीची ती स्पर्धा त्याच आठवड्यात पडली ज्या आठवड्यात अप्पांच्या वर्षाचं कार्य होतं. हे व्हायचंच होतं. वर्ष दोन्हींचं एकाच वेळी भरत होतं. काका म्हणाले, "थोरली लेक बापाच्या वर्षाला न्हाय म्हंजे लोक काय म्हणतील?" अक्का खाली मान घालून बसली. अव्वा आतून आली आणि उंबऱ्यात उभारली. "तिला जाऊ द्या," ती म्हणाली. "ती त्यांच्याच कामाला चाललीया." स्टेशनात सोडायला मी गेले. अक्कानं पिशवी डाव्या खांद्याला लावली होती.

ती पहिल्याच सामन्यात हरली. कार्य तिच्याशिवाय झालं, जंगमांचं जेवण झालं, पाहुणे गेले, आणि मग ती आली. तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता.

पुढच्या सोमवारी कळणार होतं, म्हणजे त्याच्या पुढच्या. तो सोमवार आला. आम्ही दोघी राजारामपुरीत गेलो. पान आता पूर्वीपेक्षा लवकर उघडत होतं. अक्का यादी खालून वर वाचत गेली आणि मी वरून खाली, आणि मधे कुठंतरी आमचे डोळे एकाच ओळीवर आले. त्या ओळीत दुसऱ्याच कुणाचं तरी नाव होतं. अक्कानं पान बंद केलं. मग "चल" म्हणाली.

अव्वाचा उपास सुटायची वेळ झाली होती. तिनं तीन ताटं वाढली, भाकरी, झुणका, दही. आम्ही बसलो. तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि हातात धरून विचारलं, "आज किती?"

"त्यात नाव न्हाय, अव्वा," अक्का म्हणाली.

"म्हागं गेलं?"

"म्हागं न्हाय. गेलंच."

अव्वा हातातल्या भाकरीकडं बघत राहिली. मग तिनं विचारलं, "गेलं ते?"

मी दर वर्षी पोरांना शिकवते, नाव असेल तर ते गेलं, आणि मानाचं माणूस असेल तर ते गेले. पुस्तकात हे दोन वेगळे आहेत. आमच्या घरात नाहीत. आमच्याकडं पावणं आलं म्हणतात, मालक बसलं म्हणतात, वडील गेलं म्हणतात. नाव जातं तेही गेलं, आणि बायको ज्याचं नाव घेत नाही, नुसतं 'ते' म्हणते, तेही गेलं. अव्वानं कशाचं विचारलं हे व्याकरणातून काढता येण्यासारखं नव्हतं. मी तिच्या तोंडाकडं बघितलं. अप्पांना बसवून नेताना ती रडली नव्हती, वर्षाच्या कार्याला रडली नव्हती, आणि आता भाकरीचा तुकडा तसाच धरून, आवाज न करता, तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं.

अक्कानं आपलं ताट बाजूला सरकवलं. ती सरकत अव्वाजवळ गेली आणि तो दुखरा हात कसाबसा उचलून तिच्या पाठीवर ठेवला.

"व्हय, अव्वा," ती म्हणाली. "गेलं."